तेलाचा थेंब आणि पेटीचा श्वास

तळावर उभी असलेली मालमोटार निघून गेली की तिच्या जागी जमिनीवर तेलाचे डाग दिसतात. पुढच्या भागातला डाग बहुधा इंजिनाचा असतो. मागच्या दोन चाकांच्या मधोमध, किंवा मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला पडलेला दाट, काळपट आणि उग्र वासाचा डाग मात्र मागच्या आसाच्या पेटीतून आलेला असतो. या पेटीला गॅरेजमध्ये ‘हौसिंग’ म्हणतात आणि तिच्या पोटातील दंतचक्रांच्या जुळणीला ‘डिफरन्शियल’.

हा थेंब दिसायला क्षुल्लक असतो, पण तो दोन प्रकारे घात करतो. पेटीतील तेलाची पातळी हळूहळू खाली जाते, दंतचक्रे आणि बेअरिंग कोरडी पडू लागतात, तापतात आणि अखेर एक दिवस जाम होतात. दुसरा घात अधिक भयंकर आहे. तेल चाकाच्या बाजूने झिरपले तर ते ब्रेकच्या ड्रममध्ये शिरते. ब्रेकचे काम घर्षणावर चालते आणि तेलाचे काम घर्षण कमी करण्याचे. भरलेला ट्रक घाट उतरत असताना ही दोन कामे एकमेकांशी भिडली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे ‘ऑइल सील’ नावाची रबरी कडी बदलणे. पुष्कळदा तेवढ्याने काम भागते. पण कधी कधी नवी सीलही थोड्याच दिवसांत गळू लागते. मग सीलच्या दर्जाला दोष दिला जातो आणि तिसरी सील बसते. अशा वेळी खरे कारण सीलमध्ये नसून दुसरीकडे असते. ते कोठे असते हे समजण्यासाठी ही पेटी मुळात बंद का झाली, तिच्यात तेल का आले आणि ते अडवण्यासाठी काय काय करावे लागले, हा सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहणे उपयोगाचे आहे. या इतिहासात प्रत्येक नव्या उत्तराने पुढचा नवा प्रश्न जन्माला घातलेला दिसतो.

दोन चाके, दोन वेग

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. किती जास्त? समजा, मागच्या दोन चाकांमधील अंतर १.८ मीटर आहे. गाडीने एक पूर्ण वर्तुळ घेतले तर दोन्ही चाकांच्या मार्गांतील फरक २ × ३.१४ × १.८, म्हणजे सुमारे ११.३ मीटर येतो. वर्तुळ लहान असो वा मोठे, हा फरक तेवढाच राहतो. विद्यार्थ्यांनी वर्तुळाच्या परिघाचे सूत्र मांडून हे जरूर पडताळून पाहावे.

बैलगाडीला या फरकाचा त्रास होत नाही, कारण तिची दोन्ही चाके आसावर सुटी फिरतात. ओढण्याचे काम बैल करतात, चाके नुसती घरंगळतात. अडचण येते ती चाकांनीच गाडी ढकलायची ठरवल्यावर. दोन्ही चाके एकाच दांड्यावर पक्की बसवली तर वळणावर एकाला तरी घसटावेच लागते. एकाच चाकाला जोर दिला तर गाडी एका बाजूला ओढली जाते.

या कोड्याचे उत्तर फ्रान्समधील कुशल यंत्रकार ओनेसिफोर पेकर यांनी १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी दिले. त्यांनी आसाचे दोन तुकडे केले आणि त्यांच्या मध्ये दंतचक्रांची अशी जुळणी ठेवली की, इंजिनाचा जोर दोन्ही तुकड्यांना मिळावा, पण त्यांचे वेग मात्र वेगळे राहू शकावेत. या जुळणीचा नियम सोपा आहे. दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची बेरीज मधल्या मोठ्या चक्राच्या, म्हणजे ‘क्राउन’च्या फेऱ्यांच्या दुप्पट असते. क्राउन मिनिटाला १०० फेरे करीत असेल आणि वळणावर आतले चाक ९० फेरे करीत असेल तर बाहेरचे चाक आपोआप ११० करते. एक चाक कोरड्या जमिनीवर थांबून राहिले आणि दुसरे चिखलात असले तर चिखलातले चाक २०० फेऱ्यांनी गरगरते आणि गाडी जागची हलत नाही. पावसाळ्यात हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. तो यंत्राचा बिघाड नसतो, बेरजेच्या नियमाचे ते तंतोतंत पालन असते.

इंग्लंडमध्ये रिचर्ड रॉबर्ट्‌स यांनी १८३२ मध्ये अशीच योजना वाफेच्या गाडीसाठी मांडली. पुढे १८७७ च्या सुमारास कोव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी ती पायाने चालवण्याच्या गाडीत आणली. असे सांगतात की, स्टार्ली आणि त्यांचा मुलगा शेजारी बसून पायटे मारत असताना मुलाचा जोर जास्त पडे आणि गाडी एका बाजूला वळे. दोघांचा जोर एकत्र करून तो दोन्ही चाकांना वाटण्यासाठी त्यांना ही जुळणी सुचली. १८८६ मध्ये कार्ल बेंझ यांनी ज्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले, तिच्यातही डिफरन्शियल होते.

काही पुस्तकांत डिफरन्शियलचा शोध प्राचीन चीन किंवा ग्रीस येथे लागल्याचे विधान आढळते. चीनच्या ‘दक्षिण दाखवणाऱ्या रथा’चे वर्णन ग्रंथांत आहे, पण प्रत्यक्ष रथ एकही शिल्लक नाही. त्यात डिफरन्शियल असावे हा केवळ तर्क आहे. ग्रीसजवळच्या समुद्रात सापडलेल्या अँटिकिथेरा यंत्रातही डिफरन्शियल असल्याचे डेरेक प्राइस यांनी १९७४ मध्ये प्रतिपादले होते. नंतरच्या अधिक बारकाईच्या अभ्यासात तसे मानण्याची गरज उरली नाही. वर्गात सांगताना ‘असावे’ आणि ‘होते’ यांतील हा फरक जपावा.

साखळीकडून बंद पेटीकडे

सुरुवातीच्या मोटारींत डिफरन्शियल गाडीच्या मध्यभागी असे आणि तेथून दोन साखळ्या मागच्या दोन चाकांकडे जात. साखळी उघडी असल्याने तिच्यावर धूळ आणि चिखल बसे. ती सैल पडे, आवाज करी, तिला वरचेवर वंगण द्यावे लागे. पण ती मजबूत होती आणि दुरुस्तीला सोपी. म्हणून जड वाहनांत ती बराच काळ टिकली. अमेरिकेतील मॅक कंपनीचा १९१६ पासूनचा प्रसिद्ध ‘ए.सी.’ ट्रक १९३० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत साखळीवरच चालत होता.

लहान मोटारींत बदल आधी झाला. १८९८ मध्ये पॅरिसजवळ लुई रेनॉ या एकवीस वर्षांच्या तरुणाने आपल्या छोट्या मोटारीत साखळी काढून टाकली आणि गाडीच्या लांबीच्या दिशेने फिरणारा एक दांडा थेट मागच्या आसापर्यंत नेला. आता दांडा लांबीच्या दिशेने फिरणार आणि चाकांचा आस रुंदीच्या दिशेने. म्हणजे गती काटकोनात वळवायला हवी. त्यासाठी दांड्याच्या टोकाला लहान शंक्वाकार दंतचक्र, म्हणजे पिनियन, आणि आसावर मोठे क्राउन आले. ही दोन्ही चक्रे एकमेकांशी अगदी नेमक्या जागी भिडायला हवीत आणि सतत तेलात भिजायला हवीत. तेव्हा क्राउन, पिनियन आणि डिफरन्शियल एका भक्कम पेटीत बसले आणि पेटीत तेल आले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने हा टप्पा महत्त्वाचा आहे. पेटी बंद खरी, पण तिला तीन भोके ठेवणे भागच होते. एक पुढून पिनियनचा दांडा आत येण्यासाठी आणि दोन डावी-उजवीकडे चाकांकडे आस जाण्यासाठी. भोकातून फिरता दांडा जावा, पण तेल येऊ नये, असा नवा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. गळतीचा इतिहास येथून सुरू होतो.

दंतचक्रांतही सुधारणा चालू होत्या. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील विल्यम ग्लीसन यांनी शंक्वाकार चक्रांचे दाते कापणारे यंत्र १८७४ मध्ये तयार केले होते. त्यांच्या कारखान्यातून १९१३ मध्ये वक्र दात्यांची चक्रे बाहेर पडली. सरळ दाता एकदम आदळतो, वक्र दाता हळूहळू भिडतो, त्यामुळे आवाज कमी झाला आणि ताकद वाढली. १९२५ मध्ये ग्लीसन कारखान्याने पुढचे पाऊल टाकले. आजवर पिनियनची मध्यरेषा क्राउनच्या मध्यरेषेला छेदत असे. आता पिनियन थोडे खाली सरकवण्यात आले. या रचनेला ‘हायपॉइड’ म्हणतात. १९२६ मध्ये पॅकार्ड कंपनीने ती आपल्या मोटारींत प्रथम वापरली. दांडा खाली गेल्याने मोटारीचा तळ खाली आला. शिवाय या रचनेत पिनियन आकाराने मोठे आणि मजबूत करता येते, म्हणून पुढे ती ट्रकांतही आली.

पण फायद्यासोबत एक तोटाही आला. हायपॉइडचे दाते एकमेकांवर नुसते घरंगळत नाहीत, ते लांबीच्या दिशेने घसटतातही. प्रचंड दाबाखाली पोलाद पोलादावर घसटू लागले की साधे खनिज तेल दात्यांमधून पिळून बाहेर निघते. मग धातू धातूला भिडतो, क्षणभर तेथे चिकटतो आणि ओरबाडला जातो.

वासाचे तेल

यावर उपाय रसायनशास्त्राने दिला. तेलात गंधक, क्लोरीन, फॉस्फरस किंवा शिसे यांची संयुगे मिसळली तर, दात्यांच्या टोकांवर जेथे अतिशय उष्णता निर्माण होते नेमक्या तेथेच, ती लोखंडाशी संयोग पावतात. लोखंडाच्या सल्फाइडासारखा एक अतिसूक्ष्म थर तयार होतो. हा थर पोलादापेक्षा मऊ असल्याने तो स्वतः घासला जातो आणि खालचा धातू वाचतो. थर गेला की पुन्हा तयार होतो. म्हणजे हे तेल नुसते निसरडे नसते, ते आपले काम दर क्षणी एक छोटी रासायनिक क्रिया घडवून करते. जी.एल.-५ या वर्गातील आजची तेले मुख्यतः गंधक आणि फॉस्फरस यांच्या संयुगांवर आधारलेली असतात.

या प्रकरणाला एक दुःखद कडाही आहे. गंधक मिसळलेले स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल अशा वंगणांत दीर्घकाळ वापरले गेले. १९७० मध्ये अमेरिकेने हा देवमासा धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत घातला आणि तेथील वंगण-रसायनज्ञांना पर्याय शोधावे लागले.

मागच्या आसाच्या तेलाला जो उग्र वास येतो तो या गंधकाच्या संयुगांचा. म्हणून अनुभवी मिस्त्री डागाला बोट लावून ते आधी नाकाशी नेतो. त्याची ही कृती म्हणजे एक प्रकारचे रासायनिक परीक्षणच आहे.

फिरता दांडा आणि बंद दार

आता भोकांकडे वळू. फिरत्या किंवा सरकत्या दांड्याभोवतीची फट बुजवणे हा प्रश्न मोटारीपेक्षा जुना आहे. वाफेच्या इंजिनात दांड्याभोवती चरबीत भिजवलेला तागाचा पीळ ठासून भरीत. १७९५ मध्ये जोसेफ ब्रामा यांनी पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हाही फटीतून पाणी उसळणे हीच मुख्य अडचण होती. त्यांच्या कारखान्यातील हेन्री मॉडस्ले यांनी वाटीच्या आकाराचे चामडे बसवून ती सोडवली असे मानले जाते. पाण्याचा दाब जितका वाढेल तितकी चामड्याची कड दांड्यावर अधिक घट्ट आवळली जाई. गळती घडवणारा दाबच गळती थांबवू लागला.

ही युक्ती तेथे चालली, कारण त्या यंत्राचा दांडा अगदी सावकाश सरकत असे. ट्रकचा पिनियन किती वेगाने फिरतो याचा हिशेब करून पाहू. चाकाचा परीघ ३.३ मीटर धरला तर ताशी ६० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे ५ फेरे करते. पिनियन त्याच्या सहापट वेगाने फिरतो असे धरल्यास त्याचे ३० फेरे होतात. सीलच्या जागी दांड्याचा व्यास ७ सेंटिमीटर असेल तर त्याचा पृष्ठभाग सीलच्या कडेखालून सेकंदाला सुमारे ६.६ मीटर सरकतो. म्हणजे तासाभरात सीलची कड जवळजवळ २४ किलोमीटर घासली जाते! अशी कड दाबाने आवळली गेली तर ती जळूनच जाईल.

आरंभीच्या पेट्यांत लोकरीच्या नमद्याच्या कड्या आणि नंतर चामड्याच्या सील वापरल्या जात. या क्षेत्रात पुढे नाव मिळवणाऱ्या दोन पेढ्या मुळात चामड्याच्या धंद्यातल्या होत्या हा योगायोग नव्हे. शिकागोमध्ये १८७८ मध्ये स्थापन झालेली ‘शिकागो रॉहाइड’ यंत्रांचे चामडी पट्टे बनवीत असे. जर्मनीतील वाइनहाइम येथील फ्रॉयडेनबर्ग हा १८४९ पासूनचा कातडी कमावण्याचा कारखाना. १९२९ मध्ये मंदीच्या काळात त्यांनी चामड्याच्या सील बनवण्यास सुरुवात केली. तेथे वाल्टर सिमर या अभियंत्याने १९३२ च्या सुमारास दांड्यावर टेकणाऱ्या ओठाची सील विकसित केली. जर्मनीत अशा सीलला आजही ‘सिमररिंग’ म्हणतात.

चामड्याला दोन मर्यादा होत्या. ते सच्छिद्र असल्याने मेण-तेल पाजावे लागे आणि ते उष्णतेने कडक होई. मग रबर का वापरले नाही? कारण नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते आणि मऊ पडते. दोन्ही हायड्रोकार्बन असल्याने एकमेकांत सहज मिसळतात. १९३० च्या दशकात जर्मनीतील रसायनज्ञांनी ब्यूटाडाइन आणि अॅक्रिलोनायट्राइल यांच्यापासून नायट्राइल रबर तयार केले. त्याच्या रेणूंतील ध्रुवीय गटांमुळे तेल त्यात शिरत नाही. १९३६ मध्ये फ्रॉयडेनबर्गने कृत्रिम रबराची सील आणली. रबराचा पातळ ओठ, त्याभोवती आवळणारी बारीक स्प्रिंग आणि बाहेर धातूची कडी ही आजची ओळखीची सील अशी घडली. अधिक उष्णता सोसणारे फ्लुओरिनयुक्त रबर १९५७ मध्ये ‘व्हायटन’ या नावाने बाजारात आले.

नवल असे की, ही सील काम कशी करते हे ती वापरात आल्यानंतर पुष्कळ वर्षांनी कळले. ओठ दांड्यावर घट्ट टेकतो म्हणून तेल अडते, अशी समजूत होती. १९५७ मध्ये ब्रिटनमधील जॅगर यांनी दाखवले की, ओठ दांड्याला टेकलेलाच नसतो. दोहोंमध्ये काही मायक्रोमीटर जाडीचा तेलाचा थर असतो आणि त्यावर ओठ तरंगतो. म्हणूनच तो जळत नाही. हा थर बाहेर वाहून का जात नाही याचे उत्तर जॅगर यांनी पृष्ठताणात शोधले. पुढे १९७० च्या दशकात जपानमधील कावाहारा आणि हिराबायाशी यांच्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. चांगली सील बाहेरच्या बाजूचे तेल आत ढकलते. ओठाच्या दोन बाजूंचे उतार मुद्दाम असमान ठेवलेले असतात, त्यामुळे ओठाच्या सूक्ष्म पृष्ठभागाकडून एका चिमुकल्या पंपासारखे काम होते. तीच सील उलटी बसवली तर ती तेल बाहेर टाकू लागते.

म्हणजे ऑइल सील हे कुलूप नव्हे. एका अतिशय नाजूक समतोलावर ते उभे असते, आणि हा समतोल आत-बाहेरचा दाब जवळपास सारखा असतानाच टिकतो. जॅगर यांचा अभ्यासही वातावरणाच्याच दाबाखाली चालणाऱ्या सीलचा होता. साध्या सीलला पाव ते अर्ध्या बारपेक्षा अधिक जादा दाब सोसत नाही, आणि वेग जास्त असेल तर तेवढाही नाही.

पेटीचा श्वास

आता प्रश्न असा, की पेटीत दाब कोठून येतो? तेथे पंप नाही, काही जळत नाही. उत्तर आठवी-नववीच्या पुस्तकात आहे. सकाळी पेटीतील हवा २७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०० केल्व्हिन तापमानाला आहे असे धरू. भरलेला ट्रक घाट चढून आला की दात्यांच्या घर्षणाने तेल तापते. ते ८७ अंशांवर, म्हणजे ३६० केल्व्हिनवर गेले आणि पेटी पूर्ण बंद असली, तर दाब ३६० भागिले ३०० म्हणजे १.२ पट होतो. तेलही प्रसरण पावून हवेची जागा थोडी कमी करते. एकूण जादा दाब पाव बारच्या आसपास जातो. सीलची सहनशक्ती तेथेच संपत आलेली असते. दाबाने ओठ दांड्यावर आवळला जातो, तेलाचा थर फाटतो, ओठ तापतो, कडक होतो, त्याला चिरा पडतात आणि तेल वाट काढते.

हे होऊ नये म्हणून पेटीच्या माथ्यावर एक छोटी वाट ठेवलेली असते. तिला ‘ब्रीदर’ म्हणतात. हवा तापली की बाहेर जाते, थंडावली की आत येते. बोराएवढी टोपी असलेला हा भाग सबंध पेटीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित असतो. त्याच्यावर धूळ आणि तेल यांचा लेप बसतो, कधी रंग फासला जातो, आणि पेटीचा श्वास कोंडतो.

कोंडलेला श्वास उलट दिशेनेही त्रास देतो. सील जुनी झाली की तापलेली हवा ओठाखालून निसटून जाते आणि पेटी गरम असतानाच आतला दाब बाहेरच्याइतका होतो. अशा वेळी ट्रक ओढ्याच्या पाण्यात शिरला आणि आतील हवा पुन्हा ३०० केल्व्हिनपर्यंत थंडावली तर दाब ०.८३ पट होतो. ही तूट पाण्याच्या सुमारे १.७ मीटर उंच स्तंभाएवढी आहे. मग पाणी सीलच्या ओठाखालून आत ओढले जाते आणि तेल दुधाळ बनते. पाण्यातून जाव्या लागणाऱ्या लष्करी वाहनांत ब्रीदरला नळी जोडून तिचे तोंड उंच नेलेले असते, ते याचसाठी.

ही पेटी आपल्याकडे आली ती तयार स्वरूपात. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडू लागले. १९५४ मध्ये जमशेदपूरला टेल्कोने डेमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवण्यास सुरुवात केली. पेटी, तेल, सील आणि ब्रीदर ही सगळी उत्तरे एकाच वेळी हाती आली. ती कोणत्या प्रश्नांची उत्तरे होती हे मात्र वाहनाबरोबर येत नाही. ते समजून घ्यावे लागते.

निदानाचा क्रम

वरील इतिहास ध्यानात ठेवला की निदानाचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम, गळणारा पदार्थ कोणता? गंधकाचा वास आणि दाटपणा असेल तर ते आसाचे तेल. ज्या वाहनांत ब्रेकसाठी द्रव वापरतात तेथे शंका असल्यास थेंब पाण्यात टाकावा. नेहमीचा ग्लायकॉलयुक्त ब्रेक-द्रव पाण्यात विरघळतो, तेल तरंगते.

दुसरे, ते कोठून येते? वाऱ्याने तेल मागे फेकले जाते आणि वरचे तेल खाली ओघळते, म्हणून सर्वांत ओला भाग हा उगम असतोच असे नाही. पेटी स्वच्छ पुसून, वाळवून तिच्यावर खडूची पूड भुरभुरावी आणि ट्रक थोडा चालवून आणावा. पांढऱ्या पुडीवर तेलाची पहिली रेघ जेथे उमटते तो उगम. पिनियनच्या फ्लँजभोवती शिंतोडे असतील तर पुढची सील, ड्रमच्या आतल्या अंगाला ओल असेल तर हबची सील, चाकाच्या बाहेरच्या तोंडाला असेल तर आसाच्या टोकाचे पॅकिंग. पेटीच्या जोडावर ओल असेल तर तेथील पॅकिंग, बोल्ट किंवा पेटीला गेलेली चीर तपासावी.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, ते आताच का गळू लागले? येथे आधी ब्रीदर काढून, धुऊन त्यातून हवा जाते का ते पाहावे. पातळी तपासण्याचे बूच उघडून तेल गरजेपेक्षा जास्त भरलेले नाही ना, हे बघावे. तेल दुधाळ आहे का, त्यात धातूचा कीस आहे का, हे पाहावे. पिनियनचा फ्लँज हाताने हलवून बेअरिंगमध्ये खेळ आहे का ते तपासावे. दांडाच डुलत असेल तर कोणतीही सील त्याच्या मागे धावू शकणार नाही.

दुरुस्तीतही हेच तर्कशास्त्र आहे. जुन्या सीलच्या ओठाने दांड्यावर कोरलेली चर नखाला लागत असेल तर दांड्यावर पातळ बाही चढवावी किंवा फ्लँज बदलावा. नवी सील सरळ, योग्य तोंडाने आणि ओठाला तेल लावून बसवावी, कारण कोरडा ओठ पहिल्या काही मिनिटांतच जळतो. पिनियनची नट काढण्यापूर्वी तिच्या जागेची खूण करावी. ती जास्त आवळली तर बेअरिंगवर नको तितका ताण येतो. ब्रेकचे लायनर तेलात भिजले असेल तर ते धुऊन पुन्हा लावू नये, बदलावेच. ट्रकखाली शिरण्यापूर्वी तो सपाट जागेवर लाकडी ठोकळ्यांवर पक्का टेकवलेला असावा. नुसत्या जॅकवर विसंबणे जिवावर बेतते.

वर्गात करून पाहण्यासाठी

एक रबरबँड पातळ यंत्रतेलात आणि दुसरा पाण्यात आठवडाभर ठेवून त्यांची लांबी मोजावी. नैसर्गिक रबराची सील का चालली नाही याचे उत्तर मिळेल. एका बाटलीत थोडे पाणी घेऊन बुचातून एक काचनळी तळापर्यंत न्यावी आणि बूच मेणाने बंद करावे. बाटली कोमट पाण्यात धरताच नळीत पाणी चढते. बुचाला दुसरे बारीक छिद्र पाडून पुन्हा करून पाहावे. पाणी चढत नाही. ते छिद्र म्हणजे ब्रीदर.

डिफरन्शियलने साखळी मागे टाकली ती बंद पेटीच्या मदतीने, पेटीने तेल मागितले, तेलाने सील मागितली आणि सीलने मोकळा श्वास. या साखळीतील शेवटचा दुवा सर्वांत छोटा आहे, पण तो तुटला की पहिल्या दुव्यापर्यंत सर्वांना झळ पोहोचते. म्हणून गळणाऱ्या पेटीखाली वाकून पाहणाऱ्याने थेंब पुसल्यावर एकदा पेटीच्या माथ्याकडेही पाहावे.